उपाध्यक्ष नावाचा कच्चा लिंबू

आमच्या लहानपणी संध्याकाळी आळीतली मुले पकडापकडी खेळत, तेव्हा एखादे चिमुरडे पोर हट्टाने खेळात शिरे. त्याला घेतले नाही तर ते रडत घरी जाणार, त्याची आई पदर खोचून बाहेर येणार आणि सगळ्यांचाच खेळ मोडणार. म्हणून मोठी मुले त्याला 'कच्चा लिंबू' करून घेत. कच्च्या लिंबाने सगळ्यांबरोबर धावावे, ओरडावे, घामाघूम व्हावे; पण त्याला कोणी शिवले तरी तो बाद होत नसे, आणि त्याने कोणाला शिवले तरी ते धरले जात नसे. त्याच्यावर राज्य म्हणून कधी येत नसे. पोर मात्र घरी जाऊन आईला ऐटीत सांगे, की आज मी मोठ्या मुलांत खेळलो!

सहकारी गृहनिर्माण संस्थेचा उपाध्यक्ष हा असाच एक कच्चा लिंबू असतो. हे मी ऐकीव सांगत नाही. तीन वर्षे मी स्वतः हे पद भूषवीत आहे, आणि 'भूषवीत' हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण भूषविण्याखेरीज त्या पदावर दुसरे काही करता येते असे मला कोणी सांगितले नव्हते. माझे म्हणणे थोडक्यात असे, की हे पद एक तर नाहीसे करावे, नाही तर त्याला खरेखुरे काम द्यावे. नुसते शोभेचे उपाध्यक्षपद निरुपद्रवी असते अशी आपली समजूत आहे. ती खोटी आहे. ती किती खोटी आहे हे माझ्या चुकीने मला शिकविले.

दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट पुढे असताना, हा रुक्ष विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की वाचकहो, आपण हा अंक ज्या छपराखाली बसून वाचीत आहात त्या छपराचाच हा विषय आहे.

माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. शाळेत मुलांना चित्रकला शिकवितो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. आमची इमारत ठाण्यापलीकडल्या एका गावात १९८९ साली बांधलेली; चार मजले, बत्तीस बिऱ्हाडे, लिफ्ट नाही. तिथे मी उपाध्यक्ष कसा झालो ती कथा ऐकण्यासारखी आहे. एका वार्षिक सभेत मी उठून गच्चीच्या गळतीविषयी तीन प्रश्न विचारले. चेअरमनसाहेबांनी पहिल्याचे उत्तर दिले, दुसऱ्याला हसले आणि तिसऱ्याला चहा आला. पुढे निवडणूक झाली, तेव्हा सेक्रेटरी माझ्या दारात आले नि म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारखा विचारी माणूस बाहेर राहून कसे चालेल? तुम्ही व्हाइस चेअरमन व्हा." मला गुदगुल्या झाल्या. बायको आतून म्हणाली, "प्रश्न विचारायचे थांबवायला बोलावताहेत." मी तिला म्हटले, तुला राजकारण कळत नाही. राजकारण तिलाच कळत होते.

विरोधकाचे तोंड बंद करावयाचे तर त्याला बाहेर हाकलू नये, आत घेऊन पाटावर बसवावे, ही युक्ती फार जुनी आहे. त्यासाठीच उपाध्यक्षाचा पाट मांडलेला असतो. कुठे तो निवडणुकीत पडता पडता राहिलेल्या गटाला समजूत म्हणून मिळतो. कुठे माजी चेअरमनला पेन्शन म्हणून. कुठे समितीत महिलांच्या दोन जागा राखीव आहेत तेव्हा त्यांतील एकीला 'मान' म्हणून. मान द्यावा आणि काम देऊ नये, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला एक मोठा सभ्य अपमान आहे.

पहिल्या वर्षी मी काय केले त्याचा हिशेब देतो. २६ जानेवारीला झेंड्याची दोरी धरली, ओढली चेअरमननी. गणपतीत दुसऱ्या दिवसाच्या आरतीचा मान माझा. दहावी-बारावीच्या मुलांना बक्षिसे देताना पहिल्या तिघांना चेअरमन, उरलेल्यांना मी. जिन्याखालच्या फळ्यावर माझे नाव आले. रंगाऱ्याने 'अध्यक्ष' ठसठशीत काढले आणि 'उप' जागा उरली तशी कोपऱ्यात बसविली. समितीच्या सभेत मी चेअरमनच्या डाव्या हाताला बसे, आणि इतिवृत्ताची वही फिरत आली की सही करी. वाचून? नाही. वही आली की सही करावयाची असते, एवढेच मला ठाऊक. वर्गात मुलाने न वाचता उत्तर लिहिले तर मी त्याचे कान धरतो!

आता जे घडले ते सांगतो.

इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. वय ऐंशीच्या घरात. चार मजले चढउतार होत नाही म्हणून सकाळी भाजीवाला आला की दोरीला टोपली बांधून खाली सोडतात आणि वरूनच घासाघीस करतात. दर दिवाळीला माझ्या घरी चकल्यांचा डबा पाठवितात, कारण त्यांच्या नातवाला मी चित्रकलेच्या परीक्षेला बसविले होते. त्यांच्या स्वयंपाकघरात, गच्चीच्या खाली, तुळईच्या कडेने एक भेग मी दोन वर्षे पाहत होतो. पहिल्या वर्षी ती टोकदार पेन्सिलीने ओढल्यासारखी होती. दुसऱ्या वर्षी ब्रशाने ओढल्यासारखी झाली आणि तिच्या काठाला गंजाचा तांबूस रंग आला. रंगांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे दिसले नाही असे मी म्हणू शकत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये चेअरमन लेकीकडे महिनाभर गेले होते. समितीची सभा आधीच ठरलेली. कोरमला पुरतील इतके आम्ही सहाजण जमलो. सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, आज खुर्ची तुमची." मी बसलो. विषय होता इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट. ठराव असा, की ते वर्षभर पुढे ढकलावे आणि त्या पैशात भर घालून दिवाळीपूर्वी बाहेरून रंग काढावा. तिघांनी 'होय' म्हटले, दोघांनी 'नाही' म्हटले. मी गप्प बसलो. खुर्चीवरच्या माणसाने तटस्थ राहावे असा माझा समज. आणि खरे सांगावयाचे तर, चेअरमनच्या पाठीमागे त्यांच्या मर्जीचा ठराव पाडावा हे मला असभ्यपणाचे वाटले. ठराव मंजूर झाला. मी सही केली. दिवाळीला इमारत फिकट पिवळ्या रंगात अशी काही झळकली की येणारे-जाणारे थांबून बघत. वरून कीर्तन, आतून तमाशा!

यंदाच्या ऑगस्टमध्ये, चार दिवसांची झड लागली असताना, एके पहाटे आजींच्या स्वयंपाकघरातला छताचा गिलावा ताटाएवढ्या खपलीने खाली आला. आजी चहाचे आधण ठेवीत होत्या. डोक्यावर यावयाचा तो खांद्यावर आला. उजव्या खांद्याचे हाड मोडले. मी धावत वर गेलो तेव्हा जमिनीवर ओल्या सिमेंटच्या ढेपा पडल्या होत्या आणि छतात गंजलेली सळई उघडी पडली होती. त्या भेगेच्या नेमकी शेजारी.

त्या रात्री मी उपविधींची पुस्तिका पहिल्यांदा उघडली. परीक्षा होऊन गेल्यावर पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याचे जे होते ते माझे झाले. त्यात मला तीन गोष्टी कळल्या, आणि त्या तिन्ही प्रत्येक घरात माहीत असाव्यात म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट अशी, की मी जो उपाध्यक्ष म्हणून मिरवीत होतो तो आमच्या पुस्तिकेत नव्हताच! महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात 'अधिकारी' कोणाला म्हणावे ते सांगताना अध्यक्षाच्या जोडीने उपाध्यक्षाचे नाव आहे, हे खरे. परंतु गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी आहेत, त्यांप्रमाणे समितीने आपल्यातून निवडावयाचे पदाधिकारी तीनच: अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार. अध्यक्ष सभेला नसेल, तर हजर सभासदांनी आपल्यापैकी एकाला त्या सभेपुरते अध्यक्ष निवडावे. म्हणजे त्या जूनच्या रात्री 'खुर्ची तुमची' असे सेक्रेटरींनी म्हणावयाचे नव्हते, सहाजणांनी ठरवावयाचे होते. ज्या पदाला नियमात जागा नाही, कर्तव्य नाही, अधिकार नाही, ते पद आम्ही फळ्यावर रंगविले होते.

दुसरी गोष्ट याच्या उलट आणि अधिक भयंकर. पद कच्च्या लिंबाचे असले तरी जबाबदारी पक्क्या गड्याची आहे. समितीच्या निर्णयांना समितीचे सगळे सदस्य एकत्रितपणे आणि वैयक्तिकपणे जबाबदार असतात, असे कायद्याच्या ७३व्या कलमात आहे. तेथे 'उप' लहान अक्षरांत लिहिलेले नसते. आणि सभेत समान मते पडली तर निर्णायक मत खुर्चीवर बसलेल्याचे असते. मी हात वर केला असता तर तीन-तीन झाले असते, आणि पुढचे मत पुन्हा माझेच होते. जन्मभरात एका रात्रीपुरते माझ्यावर राज्य आले होते, आणि मला ते कळलेसुद्धा नाही.

तिसरी गोष्ट स्ट्रक्चरल ऑडिटची. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी ते करून घ्यावे, असे उपविधींत सरळ लिहिलेले आहे. हा आमच्या लहरीचा विषय नव्हताच. आम्ही मतदान घेतले ते जणू पावसाने पडावे की न पडावे यावर!

आता आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. पहिला असा, की बिनपगारी काम करणाऱ्यांना शिव्या देणे सोपे आहे. हे मला मान्य आहे. आमचे सेक्रेटरी दिवसभर नोकरी करून रात्री पाण्याच्या टँकरमागे धावतात, आणि महिन्याची वर्गणी थकविणारेच त्यांना जिन्यात जाब विचारतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण म्हणूनच तर मी म्हणतो, की त्यांच्या खांद्यावरचे ओझे ज्याने वाटून घ्यावयाचे तो शेजारी हारतुरे सांभाळीत का बसावा? दुसरा आक्षेप असा, की सगळ्यांनीच कामे केली तर भांडणे होतील. होऊ देत! आमच्या समितीत तीन वर्षांत एकही भांडण झाले नाही याचा आम्हांला अभिमान होता. अळीमिळी गुपचिळी चालली असताना भांडण होणार कशावरून?

तिसरा आक्षेप मोठा आहे. दुय्यम पद हे स्वभावतःच रिकामे असते, त्याला कोण काय करणार, असे म्हणतात. हे मला मुळीच मान्य नाही. आपल्या घटनाकारांनी उपराष्ट्रपती निर्माण केला, तेव्हा राष्ट्रपतीच्या आजारपणाची वाट पाहत बसविला नाही. ६४व्या कलमाने त्याला राज्यसभेचे सभापतिपद देऊन रोजच्या कामाला जुंपले. आणि दुसऱ्या माणसाची गरज किती अकस्मात लागते तेही देशाने पाहिले आहे. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले आणि उपराष्ट्रपती गिरी यांनी त्याच दिवशी कारभार हाती घेतला. पण गिरीही उद्या नसले तर पुढे कोण, याचे उत्तर घटनेत नव्हते. म्हणून त्याच महिन्यात संसदेला त्यासाठी कायदा करावा लागला. जुलैमध्ये गिरींनी खरोखरच राजीनामा दिला, आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी त्या कायद्याप्रमाणे राष्ट्रपतीचे काम पाहिले. दुसऱ्या खुर्चीचा विचार आधी करून ठेवावा लागतो, तो असा.

माझा एक भाचा अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो. तिकडे घरमालकांच्या संघाला 'होमओनर्स असोसिएशन' म्हणतात, आणि हा पठ्ठ्या तिथे व्हाइस प्रेसिडेंट आहे. मी त्याला फोनवर विचारले, "झेंडा तू ओढतोस की प्रेसिडेंट?" तो हसला. म्हणाला, "मामा, माझ्याकडे बर्फ आहे." हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ उपसणाऱ्या ठेकेदाराशी करार करणे, तो पाळतो की नाही हे पहाटे उठून बघणे आणि तक्रारी ऐकणे हे त्याचे काम. प्रेसिडेंट गैरहजर असला, असमर्थ असला किंवा काम करण्यास राजी नसला, तर त्याच्या जागी उभे राहावयाचे, असे त्यांच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. मला त्यातले 'राजी नसला तर' हे शब्द फार आवडले.

परंतु अमेरिकेत सगळे आलबेल असते अशी कोणी समजूत करून घेऊ नये. फ्लोरिडात सर्फसाइड गावी समुद्रकाठी एक बारा मजली इमारत होती. २०१८ साली इंजिनियरने तिच्या स्लॅबची आणि काँक्रीटची खराबी अहवालात लिहून दिली होती. दुरुस्तीचा खर्च मोठा, सभासदांत वाद, २०१९ साली संचालक मंडळातल्या बहुसंख्य सदस्यांनी राजीनामे दिले. पैसे गोळा करण्याचा निर्णय होईतो २०२१ उजाडले, आणि त्या वर्षीच्या २४ जूनला मध्यरात्रीनंतर, माणसे झोपेत असताना, इमारतीचा मोठा भाग कोसळला. ९८ माणसे गेली. ती नेमकी कशाने पडली हा तज्ज्ञांचा विषय आहे. पण अहवाल हातात असताना वर्षे कशी निघून जातात, हा आपल्या सर्वांचा विषय आहे. त्यानंतर २०२२ साली फ्लोरिडाने जुन्या इमारतींच्या सक्तीच्या तपासणीचा कायदा केला. आपल्याकडे तर तपासणीचा नियम संस्थेच्या कपाटात आधीपासून आहे. वाळवीने खाल्ला नसेल तर!

एके काळी या मुंबईत १९१५ साली गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींनी सहकारी घरबांधणी संस्था काढली. भाड्याच्या खोल्यांत कोंडलेल्या मध्यम स्थितीतल्या माणसांनी एकमेकांच्या भरवशावर छप्पर उभे करावयाचे, ही त्यामागची कल्पना. 'एकमेकांच्या भरवशावर' हे शब्द महत्त्वाचे. भरवसा म्हणजे डोळे मिटून सही करणे नव्हे. भरवसा म्हणजे, एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा असणे.

म्हणून मी म्हणतो, ज्या ज्या संस्थेच्या फळ्यावर उपाध्यक्षाचे नाव आहे, त्या संस्थेने आपली पुस्तिका उघडून ते पद तिथे आहे का ते पाहावे. नसेल आणि हवे असेल, तर सर्वसाधारण सभेत दोन-तृतीयांश बहुमताने उपविधीत दुरुस्ती करून ती निबंधकाकडून नोंदवून घ्यावी. नको असेल तर फळा पुसावा. आणि पद ठेवावयाचे तर त्याच्याकडे इमारतीच्या प्रकृतीची वही द्यावी. शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी यावयाची, कोणाच्या घरात कुठे ओल आली, टाकी कधी धुतली, विजेच्या तारा कधी बदलल्या, हे त्याने लिहावे आणि ३० सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सभेत उभे राहून वाचून दाखवावे. चेअरमनच्या जागी बसण्याची वेळ आली तर इंजिनियरचा कागद समोर नसताना सुरक्षिततेचे काम पुढे ढकलण्याचा ठराव त्याने मांडूच देऊ नये. ठराव बहुमताने झालाच, तर आपला विरोध इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्यावा आणि मगच सही करावी. आणि या जागेवर माणूस निवडावयाचा तो चेअरमनला आवडणारा नव्हे, वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारणारा निवडावा. प्रश्न बंद करण्यासाठी नव्हे, चालू राहावेत म्हणून. भिंतीला कान लावून बसणारी, ओल पहिल्यांदा बघणारी घरातली बाई या कामाला आम्हा पुरुषांहून अधिक योग्य, हे माझे अनुभवाचे मत आहे. तिला मानाची आरती नको. ती वही द्या.

आजींना मी इस्पितळात भेटायला गेलो. वाटले होते, रागावतील. त्या रागावल्या नाहीत. प्लॅस्टरमधला हात सांभाळीत म्हणाल्या, "मास्तर, त्या कागदावर तुमची सही होती म्हणे?" मी "हो" म्हटले. "वाचून केलीत का हो?" मी काही बोललो नाही. त्यांनीही पुढे काही विचारले नाही. नातवाची चौकशी मीच करीत बसलो.

या दिवाळीला आमच्याकडे चकल्यांचा डबा आलेला नाही. उजवा हात अजून वर उचलत नाही, सोऱ्या दाबणे तर दूरच. बायकोने आमच्याकडच्या चकल्या करून त्यांना पाठविल्या. पाठविताना माझ्याकडे बघितले, बोलली नाही.

तुळशीचे लग्न आटोपले की आमच्या संस्थेची विशेष सभा आहे. ऑडिट करणारा इंजिनियर येऊन गेला. त्याचा अहवाल मी शब्द न् शब्द वाचला आहे आणि त्यातले कळले नाही ते त्याला विचारून घेतले आहे. सभेपुढे माझा ठराव आहे: उपाध्यक्षाला काम लिहून द्या, नाही तर फळ्यावरचे माझे नाव पुसा. ठराव पडला तर ओला फडका घेऊन मी स्वतः जिन्याखाली जाणार आहे. आधी 'उप' पुसीन. ते कोपऱ्यातच आहे.